लाइट परत आल्यावर

उत्तम, परवा कामरगावला तुझ्या तेरवीचं जेवून आलो. वांग्याची भाजी बरी होती, बुंदी जरा कच्ची होती, आणि मांडवात बसलेला जो तो तुझं इतकं कौतुक करत होता की मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कोणाच्या तेरवीला येऊन बसलो. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही. कोणी म्हणालं, उत्तम कधी कोणाला उलटून बोलला नाही. कोणी म्हणालं, शिकला सवरला पण त्याच्यात गर्व म्हणून नव्हता. मी पत्रावळीवरून मान वर केली नाही. केली असती तर हसलो असतो, आणि तेरवीत हसणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे.

मी कौतुक करायला बसलेलो नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू मधूनच उठून गेलास, याचा मला राग आहे. तुला कावीळ झाली, ती तू अंगावर काढलीस, कुठल्याशा झाडपाल्यावर भरवसा ठेवलास आणि अकोल्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता, एवढं तुझ्या धाकट्या भावाच्या कार्डावरून कळलं. कोपरा फाडलेलं कार्ड. हैदराबादला ते माझ्या हातात पडेपर्यंत तुझी राखसुद्धा सावडून झाली होती. मी रडलो का? रडलो. पण आधी चिडलो. मला तुझ्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, ‘नारायण, तुह्यं बराबर होतं.’ जास्त काही नको होतं. इतकी वर्षं त्याची वाट पाहिली, आणि तू ते न म्हणता गेलास.

हैदराबादच्या कॉम्प्युटर केंद्रातला आपला वाचनाचा नियम आठव. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं हाताची घडी घालून गप्प बसायचं आणि दुसऱ्यानं तो ओळीओळीनं मोठ्यानं वाचायचा. ही ओळ काय करते, पुढची काय करते, हे वाचणाऱ्यानं आपल्याला समजेल तसं सांगत जायचं. लिहिणाऱ्याला मध्ये तोंड उघडायची बंदी, कारण प्रोग्राम मशीनवर चालत असताना तो काही शेजारी उभा राहून समजावून सांगणार नसतो. वाचणाऱ्यानं सही केली तरच तो प्रोग्राम मशीनवर चढायचा. आज वाचणारा मी आहे. तुला गप्प बसणं एकदाही जमलं नाही. आता बस.

तुझी माझी ओळख एका शब्दावरून झाली. केंद्रातल्या पहिल्याच दिवशी मी शिपायाला ‘कशाला’च्या जागी ‘कायले’ म्हणून बसलो. त्या बिचाऱ्याला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं, पण पलीकडच्या टेबलावरून तू मान वळवलीस.

“कोन्तं गाव बे?”

“केनवड.”

“रिसोडाकडचं? मी कामरगाव.”

त्या दिवसापासून मी केनवड आणि तू कामरगाव. वाशीम स्टेशनात गाडीत बसलं की थेट काचीगुड्याला उतरायचं, एवढंच हैदराबाद आपल्याला माहीत होतं. तिथं पुण्याची दोन पोरं होती, ती आपलं मराठी दुरुस्त करायची. तू त्यांच्यासमोर मुद्दाम आणखी गावठी बोलायचास. आणि आपण वाचनाला बसलो की सगळं केंद्र ऐकायला जमायचं, कारण आपण ते वऱ्हाडीत करायचो. ‘हा आकडा इथून उचलला, अन् तिकडं नेऊन ठेवून राह्यला. आता हा बापडा दुसरा, तो याची वाट पाहून राह्यला. पन हा तं येतच नाई ना बे.’ एकदा आपले साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना शब्द कळत नव्हता एकही, तरी हसत होते. त्या दिवसांबद्दल मी तुझा आभारी आहे. हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल.

मशीन परदेशातून जहाजानं आलेलं. ते चालवणारा मूळ प्रोग्राम, ऑपरेटिंग सिस्टिम, तीही तिकडचीच. ज्यांनी ती लिहिली त्यांनी आयुष्यात लाइट जाताना पाहिली नसावी. लाइट गेली तर काय करायचं याबद्दल त्यांच्या जाडजूड पुस्तकात एक बारकासा परिच्छेद होता, आणि त्याचा सारांश असा की इंजिनिअरला बोलवा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट जाणार हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. गेली की चाललेलं काम बुडालं. आली की भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे पुन्हा पहिल्यापासून, टेप पुन्हा सुरुवातीपासून. ऑपरेटर घामाघूम आणि ज्यांचं काम ते लोक फोनवर. साहेबांनी तुला बोलावून सांगितलं की लाइट परत आल्यावर मशीननं स्वतःहून काम कसं धरावं ते तू लिही. तुझी नेमणूक तेव्हा कच्ची होती. हे जमलं तर कायम करतो, असंही ते म्हणाले.

तू लिहिलंस ते सुंदर होतं. हे मी तेव्हाही म्हणालो होतो, आणि तू ‘मंग सही कर ना’ म्हणाला होतास. मशीनची मेमरी बारीक काळ्या मण्यांची, मंगळसूत्रातल्या मण्यांहून बारीक, आणि लाइट गेली तरी ती काही विसरत नाही. लाइट जायला लागली की मशीनला एक निसटता क्षण मिळतो. तेवढ्या क्षणात तुझा प्रोग्राम आपण कुठं होतो, हातात काय होतं, सगळं मण्यांत मांडून ठेवायचा आणि मग डोळे मिटायचा. लाइट आली की डोळे उघडून थेट पुढची ओळ. कोणाला हाक नाही, कोणाला प्रश्न नाही. मी वाचत गेलो आणि शेवटच्या पानाशी येऊन अडलो.

तुला गप्प बसायचं होतं. तू विचारलंस, “काहून थांबला?”

“हे कोनाले इचारतच नाई.”

“कायले इचारायचं? मशीन इसरत नाई.”

“मशीन नाई इसरत. पन लाइट नसताना मधात मानसं हातपाय हालवतेत ना बे. टेप कोन्ती लावेल हाय हे मशीनले काय मालूम?”

आपले ऑपरेटर कामसू होते. लाइट गेली की रिकामे बसायचे नाहीत. चाललेली टेप उतरवून पुढच्या कामाची चढवून ठेवायचे, म्हणजे लाइट आली की तेवढाच वेळ वाचतो. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी मनाईही केली नव्हती. माझं म्हणणं सोपं होतं. लाइट आल्यावर मशीननं पुढचं पाऊल टाकण्याआधी टेपेच्या सुरुवातीला लिहिलेली तिची ओळख वाचावी, ती जुळली नाही तर मशीनला जोडलेल्या टाइपरायटरवर ऑपरेटरला विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत एक अक्षर लिहू नये.

“त्यायले सांगू ना आपन, लाइट गेली का हात लावू नका मनून.”

“सांगून आजवर कोनी आयकलं?”

“हे पाय केनवड, लाइट गेली होती हेच कोनाले समजलं नाई पाह्यजे. त्यातच मजा हाय. तू इचारत बसला तं मंग त्यात काय राह्यलं?”

मजा. तू हाच शब्द वापरलास. आपण त्यावर जेवणाच्या टेबलावर भांडलो, चारमिनारजवळ इराण्याच्या हॉटेलात भांडलो, मुशी नदीच्या पुलावर भांडलो. तू मला भित्रा म्हणालास. केनवडच्या माणसाला बैल विकत घेताना त्याचे दात दोनदा मोजायची सवय असते, असंही म्हणालास. मी तुला म्हणालो, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा. दोघंही हसलो, पण सही मी केली नाही. केली असती तर तू कायम झाला असतास हे मला माहीत होतं. तुझ्या आईनं आंब्याच्या लोणच्याची बरणी पाठवली होती, ती मी तुझ्यासोबत खात होतो, आणि तरी केली नाही. कारण ते चूक होतं, उत्तम. आजही चूकच आहे.

मग दिल्लीहून कोणी मोठे पाहुणे मशीन पाहायला येणार ठरलं आणि साहेबांना घाई झाली. त्यांनी तुला विचारलं, वाचन झालं का. तू म्हणालास, झालं. खोटं नव्हतं ते, झालंच होतं. मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं की माझी हरकत आहे आणि ती का आहे. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याच्या जागी स्वतःची सही केली. पाहुण्यांसमोर मुद्दाम लाइट बंद करून दाखवली. चालू केल्यावर मशीन जिथं थांबलं होतं तिथून पुढं निघालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे पाहिलंस आणि भुवया उडवल्यास. त्या दिवशी ऑपरेटरांना टेपेला हात लावू दिला नव्हता, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

पुढं काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, पण वाचन आहे, तेव्हा वाचतो. भर दुपारी लाइट गेली. एका विद्यापीठाच्या परीक्षेचे गुण तयार होऊन त्यांची टेप बाजूला ठेवलेली होती. मशीनवर एका साखर कारखान्याचं काम चाललं होतं. कामसू ऑपरेटरनं कारखान्याची टेप उतरवली, आणि तिच्या जागी गुणांची चढवली, लाइट आली की निकाल छापून घेऊ म्हणून. लाइट आली. मशीननं डोळे उघडले आणि पुढची ओळ. कोणाला हाक नाही, कोणाला प्रश्न नाही. गुणांच्या टेपेवर ते उसाची वजनं लिहीत सुटलं. कोणाच्या लक्षात येईस्तोवर निम्म्या पोरांची परीक्षा उसाखाली गाडली गेली होती. निकाल लांबला, वर्तमानपत्रांत आलं, पोरं मोर्चा घेऊन फाटकापर्यंत आली.

बैठक झाली ती मी विसरणार नाही. साहेब म्हणाले, उत्तमवर विश्वास ठेवून मी सही केली, या बदलावर हरकत असल्याचं मला कोणीही सांगितलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी उभा राहिलो. म्हणालो, मी हरकत घेतली होती, उत्तमला सांगितली होती, आणि साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांनाही सांगितली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते तुझ्याकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, यानं तुला अशी काही हरकत सांगितली होती का?

तू म्हणालास, “नो सर.”

दोन शब्द. मुशीच्या पुलावर घसा फोडून भांडलेला तू. तू नुसतं ‘हो’ म्हणायचं होतंस. तेवढ्यानं साहेब उघडे पडले असते आणि तू वाचला असतास. पण ‘हो’ म्हणण्यात माझं बरोबर होतं हे कबूल करणं आलं. मला तेव्हा असंच वाटलं की तू नोकरी सोडलीस, पण पीळ सोडला नाहीस. आणि जाता जाता मला सगळ्यांसमोर खोटा पाडून गेलास. त्यानंतर कित्येक महिने पुण्याची ती पोरं माझ्यासमोर जपून बोलायची, जसं खोटारड्या माणसासमोर बोलतात.

तुला काढलं. मला ठेवलं. तू सामान बांधलंस तेव्हा मी खोलीवर नव्हतो. आलो तेव्हा तुझी खाट मोकळी होती आणि लोणच्याची बरणी माझ्या खाटेखाली सरकवलेली होती. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पुढं बऱ्याच दिवसांनी एक विचार माझ्या डोक्यात शिरला आणि तो अजून निघालेला नाही. समजा तू ‘हो’ म्हणाला असतास. साहेब सूड धरणारे होते, वर त्यांची माणसं होती. त्यांनी मग दोघांनाही ठेवलं नसतं. तुझी नेमणूक कच्चीच होती, ती जाणारच होती. ‘नो सर’ म्हटल्यानं मी निदान एक वेडा हट्टी ठरलो, शत्रू नाही ठरलो. माझं बिऱ्हाड तेव्हा मांडायचं होतं, बायको गावाहून यायची होती, हे तुला माहीत होतं. तू ते माझ्यासाठी केलंस का? केलं असशील तर मला विचारून करायचं होतंस. माझं खरेपण माझ्या परवानगीशिवाय विकायचा तुला काय अधिकार होता? नसशील केलं तर तू नुसताच अडेलतट्टू होतास. दोन्हींतलं खरं काय ते मला या जन्मी कळणार नाही. लोक म्हणतात गेलेल्याबद्दल मनात काही ठेवू नये. मी ठेवणार.

तू गेल्यावर ते काम साहेबांनी माझ्याच गळ्यात घातलं. मी तुझा प्रोग्राम फेकून नवा लिहीन अशी सगळ्यांची समजूत होती. मी तो पुन्हा वाचला, एकटा बसून, मोठ्यानं, वऱ्हाडीत. तुझं सगळं तसंच ठेवलं. फक्त डोळे उघडण्याच्या आणि पुढच्या ओळीच्या मध्ये माझा प्रश्न बसवला. तुझ्या लिहिण्यात त्याला जागा करायला काहीच तोडावं लागलं नाही, इतकं ते नीट होतं. तेव्हा मला तुझा जो अभिमान वाटला तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता.

नंतर आपण एकदाच भेटलो, कारंज्याच्या स्टँडवर. मी केनवडहून अमरावतीला निघालो होतो, तू गिरणीच्या पट्ट्यासाठी बाजाराला आला होतास. तू वाळला होतास. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कामरगावात पिठाची गिरणी टाकली म्हणालास, बरी चालते म्हणालास. चहा घेतला. मी तुला तोडून बोलायचं ठरवून आलो होतो, म्हणजे इतकी वर्षं तेच ठरवत होतो, पण तू बशीत चहा ओतलास आणि माझ्याकडे न पाहता विचारलंस,

“माह्यं काढून टाकलं काय?”

“नाई. हाय तसंच हाय.”

“चालते?”

“चालते.”

“इचारते?”

“इचारते.”

तू चहा संपवलास. मी थांबलो. आता म्हणशील, आता म्हणशील. स्टँडवर जीपवाला कामरगाव, कामरगाव ओरडत होता. तू पट्ट्याचं भेंडोळं खांद्यावर टाकलंस आणि म्हणालास, “माय बिमार राह्यते. येऊन पाहून जाय कधी.” आणि गेलास. मी आलो नाही. रागातच होतो. आलो तो आता, तुझ्या तेरवीला, आणि तुझी माय मांडवाच्या कोपऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होती, ओळखलं की नाही देव जाणे.

शेवटची गाडी चुकली म्हणून मी तुझ्याच घरी मुक्काम केला. सकाळी तुझ्या बायकोनं, शांतावहिनींनी, गिरणी उघडली. तेरवी होईस्तोवर बंद होती, त्यामुळं अख्ख्या गावाचं दळण तुंबलेलं. बाया डबे घेऊन ओट्यावर रांगेत. तुझा भाऊ वरून ज्वारी ओतत होता, वहिनी खाली कापडी तोंडाशी डबा लावत होत्या. मी ओसरीत चहा पीत होतो. तेवढ्यात लाइट गेली, गिरणी घरघर करत थांबली. बाया गप्पा मारायला लागल्या. कोणी डबे सरकवले, कोणी खाली मांडी घालून बसल्या, एक जण चुलीवर दूध ठेवलं आहे म्हणून घरी पळाली. बऱ्याच वेळानं लाइट आली. तुझ्या भावाचा हात बटणाकडे गेला.

“थांब,” वहिनी म्हणाल्या. “खालचा डबा कोनाचा हाय? वरचे दाने कोनाचे?”

वरचे दाणे दूध पाहायला गेलेल्या बाईचे होते. खालचा डबा तिचा आहे की नाही हे कोणी छातीवर हात ठेवून सांगेना. वहिनींनी मग बटण दाबूच दिलं नाही. बाया कुरकुरल्या, म्हणाल्या लाइट पुन्हा जाईल. वहिनी म्हणाल्या, गेली तं गेली, ते बाई येईस्तोवर चालू होनार नाई.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. विचारलं, “वहिनी, हे असं काहून करता?”

त्यांनी पदरानं हाताचं पीठ पुसलं. म्हणाल्या, “गिरनी नवी होती तवाची गोठ हाय भाऊ. लाइट गेली, मधात बायायनं डबे हालवले. लाइट आल्याबरोबर यायनं, तुमच्या दोस्तानं, चालू केली. एका बुढीची उपासाची भगर दुसरीच्या डब्यात पडली, अन् ज्वारीचं पीठ बुढीच्या डब्यात. बुढीले दिसत नाई. तिनं त्याची भाकर करून खाल्ली, एकादशीले. उपास मोडला. सारा महिना आमच्या दारात येऊन शिव्या देत होती. तवापासून यायनं नेम केला. लाइट आली का आधी इचारायचं, मंगच चालू करायचं. मी नसलो तरी हा नेम मोडू नका म्हनत.”

माझ्या छातीत जे झालं ते दुःख नव्हतं. साफ सांगतो, ते समाधान होतं. त्या म्हातारीनं तुझं वाचन केलं होतं, आणि सही न करता शिव्या घातल्या होत्या. चला, तुला पटलं तरी. मला नाही सांगितलंस, गावातल्या दळणवाल्या बायांना सांगितलंस, पण पटलं.

पण वहिनींचं संपलं नव्हतं. त्या माझ्या जवळ आल्या आणि आवाज न उतरवता म्हणाल्या, “हे मले सांगत का ‘हैदराबादच्या मोठ्या मशीनले बी म्या हाच नेम लावाले सांगतला होता. माह्याच डोस्क्यातला नेम. साहेबाले तो समजला नाई, मंग त्याच्या हातून घोटाळा झाला, अन् नाव माह्यावर आलं.’ भाऊ, गावात काई लोक म्हनतेत का यायनंच काई तरी चुकवलं म्हनून काढलं. माह्ये सासरेबी तसंच समजून मेले. तुमी तं तिथंच होते. नेम यायचाच होता ना?”

ओट्यावरच्या सगळ्या बाया ऐकत होत्या. तुझा भाऊ हातातली टोपली तशीच धरून उभा होता. आतल्या दाराशी तुझी माय येऊन टेकली होती.

उत्तम, तू किती हलकट आहेस हे मला त्या क्षणी कळलं. माझं सगळं घेतलंस. पुलावर, हॉटेलात, जेवणाच्या टेबलावर मी जे जे बोललो ते उचलून घरी आणलंस, आपलं म्हणून सांगितलंस, त्यावर बायकोला अभिमानानं जगवलंस, आणि मला एक पोस्टकार्ड टाकलं नाहीस. मला खरं सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या कपाळावर पीठ लागलेलं होतं, आणि उत्तर काय येतं त्याची त्यांना भीती वाटत होती, हे स्पष्ट दिसत होतं.

“हो वहिनी,” मी म्हणालो. “नेम त्याचाच होता. मी तिथं होतो. साहेबानं आयकलं नाई.”

तुझ्या मायनं डोळ्याला पदर लावला. ती दूधवाली बाई धापा टाकत परत आली, डबा आपलाच आहे म्हणाली, आणि वहिनींनी बटण दाबलं. हैदराबादला मी खरं बोललो तेव्हा तू उभ्या सभेत मला खोटा पाडलंस. कामरगावला मी खोटं बोललो, आणि तिथं ‘नो सर’ म्हणायला तू नव्हतास.